गाणं उचलायचं नाही

जेगान सारने आयुष्यात कुस्तीच्या बक्षिसाचा मोठा असा एकच बैल जिंकला. पण तो त्याने इतक्या वेळा जिंकला, की दियोरालमधल्या शेंबड्या पोरांनासुद्धा त्या बैलाची शिंगं कशी होती ते तोंडपाठ होतं. बारसं असो, मयत असो, भुईमुगाच्या पोत्यांवर बसून ट्रकची वाट बघणं असो, चहाचा पहिला कडू पेला जेगानच्या हातात आला की बैल दावं तोडून निघालाच म्हणून समजा. सिंबार गावच्या गोर्गी न्गोमला तोवर कुणी उताणं पाडलं नव्हतं. जेगानने त्याला कमरेत धरून उचलला, आणि गोर्गी खाली आला तेव्हा आखाड्याची वाळू म्हणे गोरखचिंचेच्या शेंड्याला लागली. पहिल्या वर्षी ती वाळू बघणाऱ्यांच्या गुडघ्याला लागली होती. पुढे सांगता सांगता ती चढत गेली.

हे झालं तेव्हा जेगान ऐन पंचविशीत होता. त्यानंतर त्याने बाजरी पिकवली, घोडागाडी हाकली, काही वर्षं डाकारच्या बंदरात सिमेंटची पोती वाहिली, मुलं वाढवली, एक पुरलं. दाढी पिकली. पण तू कोण, असं त्याला कुणी विचारलं तर यातलं तो काहीही सांगत नसे. तो म्हणायचा, "गोर्गी न्गोमला पाडला तो मी."

त्याची बायको तेनिंग. तिला त्या बैलाचा अगदी वीट आला होता.

"अहो बिरानचे बाबा, तो बैल आपण खाल्ला," ती म्हणायची. "बिरान पोटात होता तेव्हा. त्याचं हाडूक राहिलं नाही आता. सोडा की त्याला!"

तेनिंगच्या मते जुनं धरून बसायची खोड एकट्या नवऱ्याला होती. स्वतःकडे तिचं लक्ष नव्हतं. बाया उखळापाशी गात गात बाजरी कांडायला लागल्या की ही हातातलं काम टाकून म्हणणार, "अगं, एवढ्यात खाली आलीस? श्वास कुठे गेला तुझा?" लग्नात कुणी चांगलं गायलं की सगळ्या माना डोलवायच्या आणि ही म्हणायची, "बरी गाते." ते कशासाठी असायचं, हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. जेगानने बैल जिंकला त्या दिवशी त्याच्यासाठी गायली होती ती तेनिंग.

आमच्याकडे पैलवान नुसता लंगोट कसून उतरला म्हणजे कुस्ती होत नाही. आधी तो रिंगणात फिरून आपली बिरुदं सांगतो. कुणाला पाडलं, कुठे पाडलं, सगळं. मग त्याच्या बाजूची बाई त्याचं गाणं उचलते. गाणं जिने रचलं ते तिचं. तिने उचललं की बाकीच्या साथीला. तिच्या परवानगीशिवाय दुसरीने त्याला तोंड लावायचं नाही. दोन्हीकडची गाणी उचलली गेली की कुस्ती लागली. मग माघार नाही, आणि कुणाची तरी पाठ टेकेपर्यंत गाणंही थांबवायचं नाही, कारण मध्येच थांबणं म्हणजे आपल्याच माणसाचे पाय ओढणं. पण एका बाजूचं गाणं उचललंच गेलं नाही, तर कुस्ती लागलीच नाही असं धरतात. धाकटा थोरल्याच्या गुडघ्याला हात लावतो, हाताला धरून त्याला बाहेर नेतो, ढोल वाजतात, दोघांची अब्रू राहते.

त्या दिवशी तेनिंग नवी नवरी होती, नीट कुणाची ओळखही झालेली नव्हती. जेगानने बिरुदं सांगून बायकांकडे पाहिलं, आणि ती उठून उभी राहिली. पुढे म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं, की अर्धा बैल जेगानच्या हातांनी आला आणि अर्धा तिच्या गळ्याने. हे वाक्य तेनिंगने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. विसरलीही नाही.

गेल्या पावसाळ्यात घोडं बुजलं आणि जेगान गाडीवरून मानेवर पडला. उठला, कपडे झटकले, शिव्या घातल्या. पण नंतर बोटं बधिर व्हायला लागली. चहाचा पेला हातातून सुटायचा आणि खाली पडून फुटल्यावर त्याला कळायचं. तेनिंगने त्याला ओढत तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने मानेचा फोटो उजेडासमोर धरला. त्याला नवऱ्यापेक्षा बायको शहाणी दिसली असावी, कारण तो तिच्याकडे बघूनच बोलला.

"आजी, यांची मान आता वाळक्या काटकीसारखी आहे. डोक्यावर ओझं नाही, घोडागाडी नाही. पुन्हा जोरात पडले तर मानेखालचं काही हलणार नाही. जीव वाचला तर."

परत येताना जेगानने रस्ताभर लोकांना सांगितलं, "रक्तदाब आहे थोडा. मीठ कमी करायला सांगितलंय." खरं काय ते घरात दोघांनाच ठाऊक होतं. तेव्हापासून तो उंबऱ्याला ठेचकाळला तरी तेनिंगचे हात त्याला सावरायला पुढे यायचे.

आणि अशा माणसाने दिबोरच्या नातवाच्या बारशाला जाऊन वाळू टाकली.

दिबोर ही शेजारीण. तिच्या आणि सारांच्या घराण्यात पूर्वापार थट्टेचं नातं. वाटेल ते बोलावं, राग धरू नये. "या, या, भाताचा वास आला का सारांना?" असं म्हणत तिने यांना घरात घेतलं. तिची लेक सिंबारला दिलेली, म्हणून सिंबारची माणसंही आली होती. त्यांत वागान होता. विशीतला पोरगा, खांदे दरवाजाएवढे, गेल्या हंगामात त्याने आजूबाजूचे सगळे आखाडे मारले होते. चहा झाला आणि जेगानचा बैल निघाला. सगळे ऐकत होते, कुणी कानाने, कुणी नुसत्या तोंडाने. वाळू झाडाच्या शेंड्याला लागली तेव्हा वागान हसून म्हणाला, "मामा, माझ्या लहानपणी तो बैल एवढासा गोऱ्हा होता हो. आता हत्ती झालाय. पुढच्या वर्षी त्याला गावात उभं राहायला जागा मिळायची नाही!"

हसू फुटलं. दिबोर तर पोट धरून हसली. तेनिंगलाही आवरलं नाही.

जेगान उठला. अंगणातली मूठभर वाळू त्याने घेतली आणि वागानच्या पावलांवर सोडली. हसणं जागच्या जागी थांबलं. पायावर वाळू टाकली म्हणजे कुस्तीचं आव्हान, आणि वडीलधाऱ्याने टाकलेली वाळू झटकायची नसते. झटकली तर तू आता माणसांत जमा नाहीस, असं त्याला तोंडावर सांगितल्यासारखं होतं.

"मामा, मी गंमत केली," वागान घाबरून म्हणाला.

"मी नाही केली," जेगान म्हणाला. "शेंगा विकून झाल्या की पहिल्या आखाड्याला."

तेनिंग झपझप पुढे चालत घरी आली. दार लागलं आणि तिचा बांध फुटला.

"डॉक्टर काय म्हणाला होता?"

"ते शहरातलं पोर. त्याने आखाडा पाहिलाय कधी?"

"त्याने तुमची मान पाहिलीय!"

"मान माझी आहे."

"आणि ती मोडल्यावर? उचलायचं कुणी, भरवायचं कुणी, कुशीवर वळवायचं कुणी? तुमच्या बैलाने?"

जेगान चटईवर बसला. बराच वेळ तो बोटं चोळत राहिला.

"तेनिंग, ते हसले," तो शेवटी म्हणाला. "तूसुद्धा हसलीस."



मग शेंगा उपटल्या, वाळवल्या, झोडपल्या. इतर बायांना कामाने दम लागत होता, तेनिंगला काळजीने. पहाटे जेगान गुरांच्या कुंपणामागे पळायला जायचा. ती चूल पेटवायचं निमित्त करून त्याच्या पावलांच्या आवाजाकडे कान लावून बसायची. आवाज थांबला की हातातलं लाकूड तसंच राहायचं. पडला की काय? पुन्हा धप धप सुरू झालं की मग ती श्वास सोडायची. तिने त्याचा जुना लंगोट नेऊन बाजरीच्या कणगीत खुपसला. जेगानने शोधला, मिळाला नाही. तिच्या ठेवणीतल्या निळ्या कापडातून त्याने नवा फाडून घेतला. तिने लेकाला फोन लावला. बिरान डाकारहून ओरडला, "आई, त्यांना खोलीत कोंड!" खोली मातीची आणि नवरा पैलवान, कोंडायचं कसं ते त्याने सांगितलं नाही. पूर्वजांच्या झाडापाशी जाऊन तिने दूध ओतलं. तिथे आधीच कुणीतरी ताजं दूध ओतलेलं दिसत होतं. ते जेगानचंच असणार, हे ओळखून ती तशीच मागे फिरली. दोघांचं मागणं उलटं. पूर्वजांनी तरी ऐकायचं कुणाचं?

शेवटी ती ढोलवाल्या मापातेकडे गेली.

"मापाते, त्या दिवशी तुझा ढोल फुटू दे."

मापाते म्हातारा होता आणि ढोलासारखाच गोल होता. तो म्हणाला, "माझा फुटला तर लोक रॉकेलचे डबे वाजवतील. तेनिंग, ढोलाने कधी कुस्ती लागते का? कुस्ती लागते तुझ्या तोंडाने. ते बंद ठेव की झालं."

ती बघतच राहिली. इतके दिवस ही गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही, याचं तिला नवल वाटलं. त्याचं कारण तिने काही शोधलं नाही. डोईला फडकं गुंडाळलं आणि तशीच खारट माळ तुडवत सिंबारला निघाली.

वागान घोडा धूत होता. तिला बघून त्याने बादली खाली ठेवली.

"या मावशी, बसा. पाणी आणतो."

"पाणी नको मला. माझा नवरा जिता परत दे, म्हणजे झालं."

तिने त्याला मानेचं सगळं सांगितलं. इतके महिने पोटात ठेवलेली गोष्ट परगावच्या पोराला सांगताना तिला रडू आलं. वागानचा चेहरा पडला.

"असं असेल तर मी उतरतच नाही. आजारी पडतो."

"तू नाही उतरलास तर तो म्हणेल, पोराने कीव केली. घरात बसून झुरेल. उतर तू. त्याला बिरुदं सांगू दे पोटभर. पण माझं गाणं मी उचलणार नाही. मग त्याच्या गुडघ्याला हात लाव आणि बाहेर आण."

वागानने सुटकेचा श्वास टाकला. मग तो जरा घुटमळला.

"मावशी, राग मानू नका. पण जर का तुमचं गाणं उचललं गेलं ना, तर मला लढावंच लागेल. इथे गोर्गीआजोबांचे भाऊ आहेत, पुतणे आहेत. ती सगळी पुढे बसणार. मी खोटं लढलो तर त्यांना पहिल्या पकडीत कळेल. मग मला या गावात तोंड दाखवायला जागा नाही."

"अरे, गाणं माझं आहे. मी उचललं तर ना?"

"नक्की?"

"मला काय वेड लागलंय?" तेनिंग म्हणाली.

परतताना माळावर वारा सुटला होता. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली.

आखाड्याच्या दिवशी मात्र सकाळपासून तिचं कशात लक्ष नव्हतं. चुलीवरचा मासळीचा रस्सा करपला. दिबोर वाटी घेऊन आली आणि वास घेऊन म्हणाली, "सारांच्या घरी जेवण करपतं म्हणजे सूर्य कुठून उगवला? बरं, आज गाणार ना गं? कित्येक वर्षांत ऐकली नाही तुला."

तेनिंगने गळ्याभोवती फडकं गुंडाळलं. "घसा बसलाय माझा. आवाज फुटत नाही."

"आजच?" दिबोर म्हणाली. थट्टा करायला तिने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. ती तेनिंगकडे जरा जास्तच मायेने बघून निघून गेली. ते बघणं तेनिंगला आवडलं नाही.

जेगानने मंतरलेल्या दुधाने अंघोळ केली. ताईत बांधायला मात्र त्याला जमेना. गाठ बोटांतून निसटत होती. त्याने दंड तिच्यापुढे केला.

"सिंबारची माणसं म्हणे शहरातून पोरगी आणणारेत. मशीनवर गाणारी," तो म्हणाला. "कळू दे तिला एकदा, गाणं म्हणजे काय असतं ते. तू आहेस म्हणून मला काही वाटत नाही बघ."

तेनिंगने मान खाली घालून गाठ ओढली. "घट्ट झाली का?"

"कळत नाही," जेगान म्हणाला.

 आपण याला फसवतोय, हे तिला टोचत होतं. पण हा संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी आला पाहिजे, मग आयुष्यभर बोलला नाही तरी चालेल, असं तिने मनाशी घट्ट ठरवलं होतं. त्या क्षणी ते अगदी खरं होतं.

उन्हं उतरली तसं रिंगण भरलं. एका बाजूला दियोरालच्या बायका, समोर सिंबारच्या. ती शहरातली पोरगी खरंच आली होती. न्देला तिचं नाव. हातात माईक, झाडाला टांगलेले कर्णे. वागानने आपली बिरुदं उरकली. तरुण पैलवानाची ती, संपायला वेळ लागला नाही. मग न्देलाने त्याचं गाणं उचललं. पोरगी गात होती चांगली. तेनिंग पुटपुटली, "बरी गाते." पण वर गेल्यावर पोरीचा श्वास पुरत नव्हता आणि ती तिथे माईक तोंडाजवळ ओढून झाकून नेत होती. बाकी कुणाला ते कळलं नाही, तेनिंगला कळलं. आजूबाजूच्या बाया टाळ्या पिटत होत्या.

मग जेगान उतरला. अंग सैल झालं होतं, पोट सुटलं होतं, तरी चाल तीच होती. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. त्याने बिरुदं सांगायला सुरुवात केली. अंगणात चहा पिताना ऐकून ऐकून विटलेली तीच गोष्ट. पण इथे वाळूवर उभा राहून तो ती सांगायला लागला आणि हसणारा गप्प झाला. यावेळी त्याने वाळू झाडाच्या शेंड्याला नेली नाही. गोर्गी केवढा होता, आपण त्याला किती घाबरलो होतो, हे त्याने सांगितलं. हे त्याने आजवर कधीच सांगितलं नव्हतं. पुढे बसलेले गोर्गीचे भाऊ मान हलवत होते.

संपलं. जेगान बायकांकडे वळला आणि त्याने हात वर केला.

तेनिंगने गळ्याचं फडकं दातांत धरलं. मापातेने ढोल हळू केला. जेगानने तिला गर्दीत शोधलं, बघितलं, आणि मिशीत हसला. ही मुद्दाम ताणते आहे, असं त्याला वाटलं असावं. त्याने आणखी एक फेरी घातली आणि पुन्हा हात वर केला. या वेळी हसू जरा कमी होतं.  थोडंच राहिलंय, ती स्वतःला सांगत होती. वागान निघाला. ठरल्याप्रमाणे तो हळू पावलं टाकत, खांदे पाडून, जेगानकडे येत होता.

मागे दोन बाया कुजबुजल्या.

"गात का नाही गं ही?"

"घसा बसलाय म्हणे."

"कसला घसा! दिबोर सांगत होती ना, आवाजच गेलाय. वय झालं. बिचारी."

ते 'बिचारी' तेनिंगच्या मानेवर येऊन बसलं. ती वळली नाही. तेवढ्यात रिंगणाच्या कडेकडेने न्देला तिच्यापाशी आली. पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. ती आदराने गुडघ्यावर बसली आणि माईकवर हात झाकून म्हणाली, "आजी, तुमचं गाणं मला येतं. माझ्या आजीने शिकवलंय, ती त्या बैलाच्या दिवशी आली होती ऐकायला. तुमचा आवाज नाही तर नसू दे. तुम्ही नुसतं हो म्हणा, मी उचलते."

वागान जेगानपाशी पोचला होता. तो वाकायला लागला होता. त्याचा हात गुडघ्याला लागला की सगळं निभावलं. तेनिंगने फक्त 'नाही' म्हणायचं होतं. तेवढंच म्हणायला तिने तोंड उघडलं.

"वाळूला विचारा, कुणाची पाठ तिने पाहिली!
जेगानची नाही, जेगानची नाही!"

आवाज कर्ण्यांशिवाय रिंगणापार गेला. आधी तो आपला आहे हे तेनिंगला कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा ती उभी होती आणि गळ्यातलं फडकं खाली पडलं होतं. वर जायची जागा आली. न्देलाचा श्वास जिथे तुटला असता तिथे तिने सूर धरून ठेवला, आणि मुद्दाम थोडा जास्त धरला. दियोरालच्या बाया किंचाळून उठल्या आणि साथीला आल्या. मापातेच्या ढोलाने उसळी घेतली. न्देला तोंडावर हात ठेवून बघत राहिली, आणि तेनिंगने तेही बघून घेतलं.

अर्धवट वाकलेला वागान तसाच थबकला. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मावशी, हे काय केलंत, एवढंच त्या डोळ्यांत होतं. त्याच्यामागे गोर्गीचे भाऊ उठून उभे राहिले होते. जेगानने शड्डू ठोकला. कितीतरी महिन्यांत तो असा हसला नव्हता.

आता तेनिंगला सगळं समजलं.  पण गाणं चालूच होतं. मध्येच थांबवता येत नव्हतं, हे खरं. थांबवावंसं वाटत नव्हतं, हेही खरं, आणि ते तिला त्या क्षणी पुरतं माहीत होतं.

वागान चांगला पोरगा. त्याने हातचं राखून नाही, पण जपून पकड घेतली. म्हाताऱ्याला हळूच हातापायांवर टेकवावं, चारी टेकले की पडला असंच धरतात, असा त्याचा बेत दिसत होता. जेगानने त्याला तसं करू दिलं नाही. गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला त्याने आत शिरून वागानची कंबर धरली, अगदी गोर्गीची धरली होती तशी. गर्दीतून एकच आरोळी उठली. वागानचे पाय वाळूवरून सुटले. खरंच सुटले, हे बघणारे अजून जिवंत आहेत. तेनिंगचा आवाज आणखी वर गेला. मग जेगानच्या बोटांतली पकड, जशी चहाच्या पेल्यावरची सुटायची तशी, सुटली. दोघंही मागे कोसळले. जेगान खाली, त्याची मान खाली, वर वागानचं सगळं अंग.

पाठ टेकली. गाणं थांबलं.

तेनिंग धावली तेव्हा वागान गुडघ्यांवर बसून रडत होता. "मामा, उठा. मामा, उठा ना." जेगान उठत नव्हता. डोळे उघडे होते, श्वास चालू होता. तिने त्याचं डोकं न हलवता त्याच्यापाशी बसून त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दाबला.

"तेनिंग," तो म्हणाला. "तुझा हात दे."

"दिलाय," ती म्हणाली. "धरलाय मी. हा बघा."

त्याने डोळे खाली नेऊन पाहिलं.  कुणीतरी गाडी आणायला पळालं होतं. दिबोर मोठमोठ्याने देवाचं नाव घेत होती.

"उचलला होता मी त्याला," जेगान म्हणाला. "पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"आणि तुझा आवाज..." त्याला धाप लागली होती, पण चेहरा सुखात होता. "तस्साच आहे गं. जरासुद्धा गेला नाही."

तेनिंगच्या हातांत त्याचा हात मेल्यासारखा पडला होता. तो पुन्हा कधी हलणार नाही, हे तिला कळत होतं आणि ते कुणामुळे झालं हेही. तरी त्याचं ते बोलणं ऐकून तिला बरं वाटलं.